बाळाला शौचाची जागा आहे का, हे पहिल्या दिवशी बघायचं कुणी? ऑपरेशनच्या यादीत नाव आहे, तपासणीच्या यादीत नाही

बाळ झालं की आपल्याकडं पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी. दुसरा, वजन किती. सिस्टर कापडात गुंडाळून बाळ बाहेर आणते, आजी तोंड बघते, मोबाईलवर फोटो निघतो आणि दहा मिनिटांत भावकीच्या ग्रुपवर पडतो. या घाईत एक गोष्ट बघायची राहून जाते. बाळाला मागं शौचाची जागा आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल. पण जगभरात साधारण दर ५००० बाळांमागं एका बाळाला ही जागा जन्मतः नसते, किंवा असली तरी भलत्याच ठिकाणी उघडते. डॉक्टर याला ॲनोरेक्टल मालफॉर्मेशन म्हणतात. याचाच एक चुलतभाऊ म्हणावा असा दुसरा दोष आहे, हर्शस्प्रंगचा आजार. त्यात जागा दिसायला अगदी नीट असते, पण मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. त्यामुळं तो भाग शी पुढं ढकलत नाही आणि पोट फुगत जातं. त्याचंही प्रमाण साधारण ५००० मागं एक, आणि मुलींपेक्षा मुलांत जवळपास चौपट.

आता बीड जिल्ह्यापुरता हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. हजारी १५-१६ जन्म धरले तर वर्षाला ४० हजारांच्या आसपास बाळं होतात. म्हणजे शौचाची जागा नसलेली सात-आठ बाळं आणि हर्शस्प्रंगची तेवढीच. हा कागदावरचा अंदाज आहे, पण त्यातून एवढं कळतं की महिन्याला एक तरी असं बाळ जिल्ह्यात कुठंतरी जन्माला येत असणार. गेवराईत, धारूरला, पाटोद्याला, नाहीतर कारखान्याच्या तळावर एखाद्या कोपीत.

दुसऱ्या बाजूनं हिशोब केला तर खरी अडचण दिसते. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला १५ बाळंतपणं होतात असं धरा. ५००० चा आकडा गाठायला २७-२८ वर्षं लागतील. म्हणजे तिथली सिस्टर नोकरी पुरी करून निवृत्त होईल तोवर तिला असं बाळ एकदा दिसेल, किंवा दिसणारही नाही. जे कधी दिसतच नाही ते रोज बघायची सवय माणसाला लागत नाही. रात्री दोन बायका एकाच वेळी कळा देत असतील, ड्युटीवर एकच सिस्टर असेल, तर ती बाळ रडलं का, रक्तस्राव थांबला का, हे आधी बघणार. त्यात तिला दोष देण्यात अर्थ नाही.

दोन याद्या

मग ही सवय लावायची कुणी? ते काम सरकारी यादीचं असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आपल्या बोलण्यातलं आरबीएसके, ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतले ३० आजार लवकर शोधायचे आणि मोफत उपचार द्यायचे, असा हा कार्यक्रम. गाडी घेऊन अंगणवाडीत आणि शाळेत येणारं डॉक्टरांचं पथक तुम्ही बघितलं असेल, ते याचंच. कामाचा कार्यक्रम आहे, हृदयाला छिद्र असलेल्या कितीतरी पोरांची ऑपरेशनं त्यातून झाली आहेत.

त्या ३० मध्ये जन्मदोष ९ आहेत. मणक्याच्या मज्जानळीचा दोष, डाउन सिंड्रोम, फाटलेला ओठ-टाळू, वाकडे पाय, खुब्याचा सांधा निखळलेला असणं, जन्मतः मोतीबिंदू, जन्मतः बहिरेपणा, हृदयाचे दोष आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. शौचाची जागा नसणं त्यात नाही. हर्शस्प्रंगही नाही.

यादी करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. हृदयाचे दोष हजारात आठ-दहा बाळांना असतात, त्या मानानं हे फार कमी. कुठंतरी रेघ मारावी लागते. आणि डिलिव्हरी होते तिथं बाळ डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं हे कागदावर आहेच. पण ज्या गोष्टीचं नाव यादीत नसतं तिला फॉर्मवर रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नसतो ते बघायचं राहतं. सरकारी कामाचा हा जुना अनुभव आहे. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत तोच.

आता दुसरी यादी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, या दोन्हींच्या बाल शस्त्रक्रियेच्या यादीत शौचाची जागा तयार करण्याची ऑपरेशनं आहेत. हर्शस्प्रंगचीही आहेत. २०२३ मध्ये राज्यानं योजनेची मर्यादा कुटुंबामागं दीड लाखावरून ५ लाख करायचा निर्णय घेतला आणि सगळ्या रेशन कार्डधारकांना त्यात घेतलं.

म्हणजे ऑपरेशनचे पैसे सरकार द्यायला तयार आहे, पण ज्या बाळाचं ऑपरेशन करायचं ते शोधायचं काम नावानिशी कुणाकडं दिलेलं नाही. आणि या दोषात पैशापेक्षा वेळ महत्त्वाची. उपचार चांगला निघाला, योजना चांगली निघाली आणि बाळ चौथ्या दिवशी फुगलेलं पोट घेऊन आलं, तर योजनेचा काय उपयोग?

फरक किती पडतो याचा एक आकडा आहे. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. पोटाच्या आणि आतड्याच्या ७ जन्मदोषांची बाळं त्यात होती, हे दोन्ही दोष त्यातलेच. सातही दोष मिळून श्रीमंत देशांत शंभरातली सहाच्या आत बाळं दगावली. मध्यम उत्पन्नाच्या देशांत, ज्यात आपण येतो, वीस. गरीब देशांत चाळीस. दोष तेच, बाळंही तशीच. मध्ये येतात त्या गोष्टी म्हणजे उशिरा कळणं, उशिरा पोचणं, आणि पोचल्यावर त्या बाळाला भूल देणारा, सांभाळणारा माणूस तिथं असणं-नसणं.

जाता जाता एक गोष्ट. पूर्वी दवाखान्यात नवजात बाळाचा ताप मागच्या जागेतून थर्मामीटर घालून बघायचे. त्यामुळं जागा बंद असली की तिथंच लक्षात यायचं. आता काखेत डिजिटल थर्मामीटर लावतात, आणि ते बाळासाठी जास्त सुरक्षित आहे हे खरं. पण त्या जुन्या पद्धतीत आपोआप होणारी एक तपासणी गेली आणि तिच्या जागी दुसरी सक्तीनं आली नाही. (घरी कुणी हा प्रयोग करू नये. आतड्याला इजा होते.)

आणि आशा ताई? दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिची पहिली घरभेट तिसऱ्या दिवशी असते, मग ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. ज्या बाळाची वाट पूर्ण बंद आहे त्याच्यासाठी तिसरा दिवस म्हणजे उशीर. तोवर पोट ढोलकीसारखं होतं, हिरव्या उलट्या सुरू होतात, आतडं फुटण्याची भीती असते.

काय बघायचं, कसं कळतं

चांगल्या, पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिली काळी-हिरवट, डांबरासारखी शी पहिल्या २४ तासांत होते. बहुतेक सगळ्यांना होते. ४८ तास उलटून गेले तरी झाली नाही तर डॉक्टरला सांगायलाच पाहिजे, जागा दिसत असो की नसो.

नुसती शी झाली एवढं पुरत नाही, ती कुठून झाली हे बघायचं. मुलग्याच्या लघवीत काळं-हिरवं काही दिसलं तर आतडं आतल्या आत लघवीच्या नळीला जोडलेलं असू शकतं. कधी वरून खळगा दिसतो, जागा असल्यासारखी वाटते, पण आत पडदा असतो. ते सिस्टर किंवा डॉक्टर मऊ नळीनं बघतात, मिनिटभराचं काम.

मुलीचं प्रकरण जास्त फसवं. मुलींमध्ये बऱ्याचदा आतडं पुढच्या बाजूला, योनीच्या तोंडाशी बारीक छिद्रातून उघडतं. शी होते, दुपटं घाण होतं, त्यामुळं घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. मुलीची ती जागा कुणी निरखून बघत नाही, बघायची लाज वाटते. सहा महिने अंगावरच्या दुधावर पातळ शी निघून जाते. मग वरचं खाणं, वरण-भात, खिमट सुरू झालं की शी घट्ट होते आणि त्या बारीक वाटेनं निघत नाही. पोरगी कुंथते, रडते, पोट फुगतं. काही मुलींचं तर दोन-तीन वर्षांनी कळतं. जीव जात नाही, पण आतडं ताणून ताणून सैल होतं आणि पुढच्या ऑपरेशनचं काम अवघड होतं.

हर्शस्प्रंगमध्ये घोटाळा वेगळाच, आणि तो आपल्या आजीच्या बटव्यातून होतो. बाळाला शी झाली नाही की विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायचा, साबणाची कांडी लावायची, एरंडेल चाटवायचं, बेंबीला हिंग. देठ लावला की अडकलेली शी भसकन बाहेर येते, पोट उतरतं, सगळे निर्धास्त होतात. दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं करत करत महिने जातात आणि आजार झाकलेला राहतो. मग एके दिवशी ताप, अतिशय घाण वासाचे जुलाब आणि टम्म फुगलेलं पोट. आतड्याची ही सूज तासांत बाळाला घेऊन जाऊ शकते. आजीची माया खोटी नाही, पण देठाशिवाय शी होतच नसेल तर ती बद्धकोष्ठता समजू नका.

फुगलेल्या पोटावर बिब्बा घालणं, चटके देणं हे तर सरळ सरळ घातक. मेळघाटात तापलेल्या विळ्यानं पोटावर डाग देतात त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते लांबचं आहे असं समजू नये, पोटाला बिब्बा आपल्याकडंही लावतात. पोट फुगण्याचं कारण आत आहे, कातडीवर नाही.

एक खूण मात्र सगळ्यांनी पाठ करा. बाळाची उलटी हिरवी असेल तर ती दुधाची ओकारी नाही. आतडं कुठंतरी अडलंय. त्याच तासाला दवाखाना.

जागा दिसत नाही असं लक्षात आलं तर घुटी, मध, पाणी काहीही देऊ नका. अंगावर पाजायचं की नाही हेसुद्धा डॉक्टरला विचारून. बाळाला टोपी घाला, आईच्या छातीशी ऊबेत ठेवा, कारण वाटेत गार पडलेलं बाळ ऑपरेशनच्या टेबलावर टिकत नाही. गाडीसाठी १०८ आहे. आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं आणि उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, भाड्याच्या जीपला पैसे मोजायची गरज नाही. आणि निघण्याआधी डॉक्टरांनाच पुढं फोन करायला सांगा, की तिथं बाल शल्यचिकित्सक आहे का. लहान बाळांचं ऑपरेशन करणारा डॉक्टर वेगळा असतो, प्रत्येक सर्जन ते करत नाही. नाहीतर तालुक्याहून बीड, बीडहून घाटी, तिथून पुणे, असं बाळ गाडीतच फिरत राहतं. पहिल्या दिवसाचा जो फायदा मिळाला असता तो रस्त्यात संपतो.

मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर आणखी एका गोष्टीवरून भांडणं होतात. बाळाला काचेत ठेवतात, नाकातून नळी घालतात, सलाईन लावतात आणि दिवसभर ऑपरेशन करत नाहीत. नातेवाईक म्हणतात, नुसतं ठेवून घेतलंय. त्याचं कारण असं, की आतड्यातली हवा खालच्या टोकापर्यंत पोचायला १८ ते २४ तास लागतात. त्यानंतर एक्स-रे काढला की वाट कातडीपासून किती लांब बंद झालीय ते दिसतं. त्या वेळात हृदयाची, किडनीची, मणक्याची तपासणी करतात, कारण अशा बाळांपैकी निम्म्या किंवा जास्त बाळांना दुसरा कुठला तरी दोष सोबत असतो. म्हणजे ती वेळ वाया जात नाही. मात्र काय चाललंय ते डॉक्टरांनी नातेवाइकांना दोन वाक्यांत सांगितलं तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

एक ऑपरेशन नाही, तीन

जागा कातडीच्या अगदी जवळ बंद असेल तर एका छोट्या ऑपरेशनात काम होतं. वर बंद असेल तर साधारण तीन टप्पे. आधी पोटावर आतड्याचं तोंड काढून शीला तात्पुरती वाट देतात, म्हणजे कोलोस्टॉमी. काही महिन्यांनी मागची जागा तयार करतात. ती बरी झाली, नीट रुंद झाली की पोटावरची वाट बंद.

मधल्या ऑपरेशनाची आज जगभर वापरली जाणारी पद्धत अल्बेर्तो पेन्या या सर्जननं १९८० मध्ये मेक्सिको सिटीत बसवली. त्याआधी सर्जन आत अंदाजानं वाट काढायचे. पेन्यानं बाळाला पालथं ठेवून मागून बरोबर मध्यरेषेवर उघडलं आणि शी धरून ठेवणारे स्नायू डोळ्यांनी बघून, विजेच्या बारीक झटक्यानं ते कुठं आकसतात हे तपासून, त्यांच्या मधोमध आतडं बसवलं. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत आज हेच करतात.

आपल्याकडं एक आणखी वेगळा प्रकार दिसतो. त्यात मोठं आतडं अख्खं किंवा अर्धं पिशवीसारखं फुगलेलं असतं, त्याला पाऊच कोलन म्हणतात. जगातल्या त्याच्या सगळ्यात जास्त नोंदी उत्तर आणि वायव्य भारतातल्या आहेत. असं का, याचं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही.

पहिल्या ऑपरेशननंतर बाळ दूध पितं, वजन धरतं, हसतं. आणि इथंच गडबड होते. बाळ बरं झालं असं वाटतं. पोटावर पिशवी लावायची, पिशवी तालुक्याला मिळत नाही, मग स्वच्छ सुती कापडाची घडी बांधायची आणि सारखी बदलायची. भोवतीची कातडी लाल होते, तिला झिंक ऑक्साईडचं मलम लावायचं. पोटावरचं आतडं निळं-काळं पडलं किंवा जास्त बाहेर आलं तर लगेच दवाखाना. बाकी या बाळाला आंघोळ चालते, अंगावरचं दूध चालतं, लसी चालतात. बऱ्याच आया हे सगळं बघता बघता शिकतात आणि चांगलं निभावतात.

दुसऱ्या ऑपरेशननंतर आईचं काम आणखी वाढतं. नवी जागा आकसू नये म्हणून साधारण दोन आठवड्यांनी स्टीलच्या गुळगुळीत कांडीनं ती रोज दोनदा रुंद करायची असते, डॉक्टर शिकवतात तशी. आकार हळूहळू वाढवत नेतात, महिनोन्‌महिने. बाळ रडतं, आईचा हात थरथरतो, सासू म्हणते राहू दे आजच्या दिवस. इथं सोडलं तर जागा परत बंद होते आणि केलेलं ऑपरेशन वाया.

आता हे सगळं ऊसतोडीच्या घरात बसवून बघा. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. उचल घेतलेली असते, बाईशिवाय कोयता पूर्ण होत नाही. ज्या बाळाचं दुसरं ऑपरेशन डिसेंबरात ठरलंय ते बाळ तेव्हा सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या तळावर असतं. दवाखान्याची तारीख म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. पाणी टँकरचं, कोपीत धूळ, पोटावर कापडाची घडी बांधलेलं लेकरू फडाच्या कडेला झोळीत. तारीख जाते, मग पुढची जाते, हंगाम संपून गावी येईस्तोवर वर्ष होतं. अशा आईबापाला "तुम्ही वेळेवर का आला नाहीत" असं विचारणं सोपं आहे. मुकादमाला कुणी विचारत नाही.

काही गोष्टी तरी करता येतात. महात्मा फुले योजना राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात चालते, त्यामुळं दुसरा टप्पा कारखान्याजवळच्या मोठ्या शहरात करता येतो का हे पहिल्या डॉक्टरलाच विचारून घ्यावं. आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, कर्नाटकात जाणाऱ्यांनी सोबत ठेवावं. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचा कागद याचे फोटो मोबाईलमध्ये दोघांच्याही. बाळाचं नाव रेशन कार्डावर चढलेलं नसलं तरी आईबापाचं कार्ड आणि जन्माचा दाखला यावर काम होतं. तातडीच्या वेळी आधी ॲडमिट आणि मागून कागद अशी योजनेत सोय आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं जा. दारात गाठ पडणाऱ्या मध्यस्थाकडं नको.

सुनेच्या माथी

असं बाळ झालं की घरात पहिला शोध कारणाचा सुरू होतो आणि तो सुनेपाशी येऊन थांबतो. ग्रहण पाळलं नाही, ग्रहणात भाजी चिरली, सुई धरली.

पोटातल्या बाळात आतड्याची आणि लघवीची वाट वेगळी होते ती गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात. त्या वेळी पुष्कळ बायकांना पाळी चुकली एवढंच कळलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणानं पाच महिन्यांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट बदलत नाही. नात्यातल्या लग्नात जन्मदोषांचा धोका एकूणात थोडा वाढतो, आईला आधीपासून साखरेचा आजार असेल तरीही वाढतो. पण अशी बहुतेक बाळं ज्या घरांत यातलं काहीच नाही अशाच घरांत जन्मतात. पुढच्या बाळालाही तसंच होईल अशी भीती घालून बाईला माहेरी पाठवणं हा तर निव्वळ अन्याय. तशी शक्यता फार थोडी असते.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी केली होती, तेव्हा का नाही सांगितलं, असाही राग असतो. त्या सोनोग्राफीत हा दोष बहुतेक वेळा दिसत नाही. डॉक्टरनं लपवलं असं समजून भांडायला जाऊ नका. पण म्हणूनच जन्मानंतरची ती मिनिटभराची तपासणी आणखी महत्त्वाची ठरते. त्याआधी कळायचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

शाळेत गेल्यावर

ऑपरेशनं झाली म्हणजे सगळं संपलं असं प्रत्येकाचं होत नाही. स्वतः पेन्याच्या रुग्णांत चारातल्या तीन मुलांना पुढं स्वतःहून शौचाला जाता आलं, पण त्यातल्याही बऱ्याच जणांची चड्डी अधूनमधून खराब व्हायची. ज्यांची जागा फार वर बंद होती, माकडहाड नीट बनलेलं नव्हतं, त्यांना ताबा कमी येतो. अशा मुलांना रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन आतडं साफ ठेवतात, म्हणजे शाळेच्या वेळात कपडे खराब होत नाहीत. ही पद्धत चांगली चालते, पण ती घरच्यांना कुणीतरी बसून शिकवावी लागते.

वर्गात मात्र पोराला वास येतो म्हणून शेवटी बसवतात, मग ते शाळेतच येईनासं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. शौचावर ताबा नसणं त्यातही नाही, त्यामुळं सर्टिफिकेट नाही, बसचा पास नाही. तिसरी यादी, तीच तऱ्हा. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर जास्तीची चड्डी दप्तरात ठेवायला आणि मधल्या वेळेत बाथरूमची किल्ली द्यायला कुठल्या यादीची गरज लागत नाही.

जिल्ह्याला काय जमेल

केंद्राची यादी बदलायला वेळ लागेल. पण डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी छापायला जिल्हा परिषदेला दिल्लीला विचारावं लागत नाही. शौचाची जागा बघितली, होय की नाही. पहिली शी किती वाजता आणि योग्य जागेतून झाली का. खाली सिस्टरची सही. दवाखान्यात झालेल्या प्रत्येक बाळाचं हे भरल्याशिवाय सुट्टी नाही, खासगी दवाखान्यातही. सही करावी लागली की माणूस बघतो.

तोपर्यंत तुमच्या घरात बाळंतपण असेल तर सुट्टी घ्यायच्या आधी सिस्टरला सरळ विचारा, "ताई, बाळाची शौचाची जागा बघितली का? आम्हाला दाखवा." यात लाजायचं काही नाही आणि सिस्टरनंही राग मानू नये. तळावर किंवा घरी बाळंतपण झालं असेल तर दुपटं सोडून दिवसाच्या उजेडात स्वतः बघा आणि जवळच्या दवाखान्यात दाखवून आणा.

आणि एक काम दिवाळीच्या आत होण्यासारखं आहे. पहिलं ऑपरेशन झालेली, पोटावर वाट असलेली बाळं जिल्ह्यात किती आहेत, कुठल्या गावात आहेत, त्यांची पुढची तारीख कधी आहे आणि त्यातली किती कोयत्याबरोबर जाणार आहेत. गावातली आशा ताई हे एका फेरीत सांगू शकते. पंधरा-वीस नावांची ती यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर गाड्या निघण्याआधी आली, तर निदान त्या घरांच्या मुकादमांशी आणि ज्या कारखान्यावर ते जाणार तिथल्या आरोग्य केंद्राशी आधी बोलता येईल.